आधी सुई बघा

"बाबा, लोक येतात, चार-चार मिनिटं थांबतात आणि काही न करता निघून जातात," असं जावई म्हणाले तेव्हा मला वाटलं, ते दुकानाबद्दल बोलतायत. दुकानातही तसंच होतं. माझं दुकान शिवणयंत्रं दुरुस्त करायचं आहे. शेजारी चष्मेवाला आहे, आणि त्याच्याकडे चष्मा तयार होईपर्यंत माणसं माझ्या बाकावर येऊन बसतात. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते ती डोळ्यांना नीट दिसत नसलेल्या लोकांची.

पण जावई बोलत होते ते वेबसाइटबद्दल. ही वेबसाइट माझ्या बायकोने केली होती. कुठल्याशा दुपारच्या वर्गाला जाऊन ती शिकली होती. वर्गात सगळे तिच्यापेक्षा निम्म्या वयाचे होते आणि तिने सगळ्यांना बटणं लावून दिली. फोन आणि वेबसाइट तिच्याकडे, मशीनं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. ती जाऊन वर्ष होऊन गेलं. वेबसाइट मी उघडून पाहिलेली नव्हती. फोन उचलत होतो, पण तो फारसा वाजत नव्हता.

मुलीने विषय काढला तो याच वेळी. "वर्षअखेरपर्यंत काम वाढलं नाही तर दुकान बंद करायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं," ती म्हणाली. तिच्या हातात झारा होता. तिची आईही महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी झारा हातात घ्यायची. मी हो म्हणालो.

त्यांच्याकडची खोली वाईट नाही. खिडकी आहे, पंखा आहे. त्या खोलीत सध्या जावई बसून कंपनीचं काम करतात. मी तिकडे गेल्यावर ते कुठे बसणार, हे कुणी बोललं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे मात्र ते त्या दिवशी बराच वेळ बघत होते. टेबलावर कोबी चिरून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी ते दुकानात हजर झाले आणि म्हणाले, "बाबा, तुमची वेबसाइट मी सुधारून देतो." सासऱ्याच्या धंद्यासाठी इतका जीव तोडून झटणारा जावई मी दुसरा पाहिलेला नाही.

जावयांचं कामच हे आहे. वेबसाइटवर आलेल्या माणसाला ग्राहक कसं करायचं, यावर ते मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देतात. त्यांनी मला आलेख दाखवला. आलेख दुकानातल्या फरशीसारखा सपाट होता.

"गळती इथे आहे," त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "जो येतो तो हेच पान वाचतो आणि जातो."

ते पान तिने लिहिलेलं होतं. वर मथळा होता: 'आधी सुई बघा'. खाली लिहिलं होतं की सुईची एक बाजू चपटी असते, ती पूर्वी होती तशीच लावा, आठवत नसेल तर उलटी लावून बघा. दोरा काढून परत ओवा आणि ओवताना मशीनचा पाय वर ठेवा. बॉबिनखालचा कचरा जुन्या टूथब्रशने काढा. प्लग लावला आहे का ते बघा, हसू नका. शेवटी होतं: 'एवढं करूनही चाललं नाही तर घेऊन या. हे दुकानातच असतात.'

"हे म्हणजे कोण?" जावयांनी विचारलं.

"मी."

"बाहेरच्या माणसाला कसं कळणार?"

"आजवर कुणी विचारलं नाही."

"बाबा, राग मानू नका. आईंनी चांगल्या मनाने लिहिलंय. पण हे पान ग्राहकाला सांगतंय की येऊ नका. दुकानाच्या दारात उभं राहून माणसं परत पाठवण्यासारखं आहे हे."

खरं म्हणजे हेच मी तिला अनेकदा म्हणालो होतो. अर्ध्या लोकांची मशीनं ती फोनवरच चालू करून द्यायची. "आपलं दुकान आहे की धर्मशाळा?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "सुई फिरवायला माणूस मशीन उचलून इथवर आणणार, आणि तुम्ही ती त्याच्या देखत फिरवणार. तुम्हाला बरं वाटेल?" मला फारसं वाईट वाटलं नसतं. पण आता माझंच म्हणणं जावयांच्या तोंडून ऐकताना मला ते पटेना. जावयाला नाही म्हणायची मात्र आपल्याकडे सोय नाही. मुलाला रागावता येतं, भाच्याला हाकलता येतं, जावयाला फक्त चहा विचारता येतो. मी चहा विचारला.

अडचण अशी निघाली की वेबसाइटचं खातं तिच्या नावावर होतं आणि पासवर्ड तिच्या डोक्यात. जावयांनी वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सगळे म्हणजे आम्ही दोघं, चष्मेवाला, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. हेडक्लार्कना कुठेही कुणाचं काम अडलं की वास येतो.

"खातं ज्यांचं आहे त्यांच्याशी बोलावं लागेल," फोनवरची मुलगी म्हणाली.

"त्या नाहीत," मी म्हणालो.

"मग केव्हा फोन करू?"

मी जावयांकडे पाहिलं. जावयांनी समजावून सांगितलं. मुलगी बिचारी ओशाळली आणि तिने दाखला पाठवायला सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, "दाखल्यासोबत अर्ज जोडा. विनंती अर्ज. तीन प्रतींत." कॉम्प्युटरवरून पाठवायचाय असं सांगितलं तर म्हणाले, "मग तीनदा पाठवा."

दाखला पाठवला तर उत्तर आलं, फाइल मोठी आहे. लहान केली, तर अजून मोठी आहे. फार लहान केली, तर अक्षरं दिसत नाहीत. त्या आठवड्यात मी रोज तो कागद लहान करत होतो. शेवटी त्यांना चालेल एवढा तो झाला. मला काही तो लहान वाटला नाही.

मग पुन्हा फोन. आता एक गुप्त प्रश्न उरला होता, खातं उघडताना तिने स्वतःच निवडलेला. "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?"

"तुमच्याकडे कुत्रा होता?" जावयांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी माझ्या फोनवरून माझ्या मुलीला विचारलं. "आईला घरात एक केस चालत नसे, कुत्रा कुठला," ती म्हणाली.

"पोपट असेल," चष्मेवाला म्हणाला.

"लागू नाही, असं लिहा," हेडक्लार्क म्हणाले. "आमच्या ऑफिसात निम्मे अर्ज त्याच्यावरच निघायचे."

मला उत्तर माहीत होतं. प्रश्न ऐकल्याबरोबर कळलं होतं. पण जावई समोर, चष्मेवाला शेजारी, हेडक्लार्क दारात. मी पंखा कमी केला, जास्त केला. शेवटी फोनपाशी वाकून हळूच म्हणालो, "बोकोबा."

"काय?"

"बोकोबा. बो, को, बा."

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "बरोबर आहे," मुलगी म्हणाली. मग जरा मऊ आवाजात तिने विचारलं, "तुमचं मांजर अजून आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

जावयांनी मान खाली घालून स्क्रूड्रायव्हरांचा डबा लावायला घेतला. हेडक्लार्क संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला दुधाचे भाव सांगितले.

मग फोटो. जावई म्हणाले, ग्राहकाला माणूस दिसला पाहिजे. मला इस्त्रीचा शर्ट घालून, हाताची घडी घालून उभं केलं. "हाताची घडी घातलेला माणूस काम करत नाहीये असं नाही का वाटणार?" मी विचारलं. "त्याने विश्वास वाटतो, बाबा." चष्मेवाल्याने आपली एक महागडी फ्रेम माझ्या नाकावर चढवली, जाहिरात त्याचीही होईल म्हणून. फ्रेमला काचा नव्हत्या. फोटोत मी असा दिसतो, की कुणीतरी माझं मशीन चोरलंय आणि मला चोर ठाऊक आहे.

नवी वेबसाइट सुरू झाली. 'आधी सुई बघा' गेलं. त्या जागी माझा फोटो, नारिंगी रंगाचं ताटाएवढं बटण, 'आत्ताच बुक करा', आणि 'घरी येऊन पहिली तपासणी मोफत'. सगळ्यात वर एक घड्याळ होतं, सेकंदासेकंदाने कमी होणारं. वर लिहिलं होतं, 'त्वरा करा, थोडाच वेळ शिल्लक'.

"कशाला थोडा वेळ शिल्लक आहे?" मी विचारलं.

"कशालाच नाही. संपलं की ते परत पहिल्यापासून सुरू होतं. पण माणूस विचार करत बसत नाही, लगेच बटण दाबतो."

आमच्या गल्लीतल्या माणसांनी बटण दाबलं नाही. त्यांनी विचार केला. माझी बायको गेलेली, मुलगी मला न्यायच्या गोष्टी करते, आणि आता वेबसाइटवर थोडाच वेळ शिल्लक. त्यांनी तिन्हींची बेरीज केली आणि दुकान बंद होणार हे ठरवून टाकलं.

पहिल्या आल्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. मशीन न घेता आल्या, बाकावर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. "जाण्याआधी सांगितलंत तरी असतं. मी घड्याळ बघून धावत आले." मी समजावलं. त्या म्हणाल्या, "माझ्यापासून कशाला लपवता? जिथे जाल तिथे सुखी राहा." कपडे इस्त्री करणाऱ्याने माझा शर्ट पैसे न घेता परत दिला, आणि त्याने असं काही करावं इतकं मोठं संकट माझ्यावर कधीच आलं नव्हतं. हेडक्लार्कनी निरोपाचं भाषण लिहायला घेतलंय असं कळलं. आणि एका सकाळी मी दुकान उघडलं तर चष्मेवाला आमच्या मधल्या भिंतीला टेप लावून मापं घेत होता.

"काय करताय?"

"काही नाही, आपलं सहज," तो म्हणाला. "ही भिंत काढली तर डोळे तपासायची खोली बसेल का ते बघत होतो. तुम्ही सावकाश निघा. घाई नाही."

वीस वर्षांचा शेजार. मी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं. दुसरं काय करणार?

गल्लीबाहेरच्या लोकांनी मात्र बटण दाबलं, आणि चांगलंच दाबलं. फोन वाजायला लागला तो थांबेना. जावयांचा आलेख उभा राहिला. ते रोज संध्याकाळी मला आलेख दाखवत आणि मी त्यांना गुडघा दाखवत असे.

कारण मोफत तपासणीला मला घरोघर जावं लागत होतं. पहिलंच घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाईंनी दार उघडलं, मशीन दाखवलं. सुई उलटी होती. मी सुलटी केली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे मोफत ना?"

"मोफत."

"मग आलाच आहात तर ही खुर्ची तेवढी बघता का, डुगडुगतेय."

खुर्ची बघितली. पुढच्या घरी सुई उलटी. त्याच्या पुढच्या घरी दोरा चुकीचा ओवलेला. मग एका गृहस्थांकडे सगळं ठीक होतं, फक्त प्लग लावलेला नव्हता. त्यांनी वेबसाइटवर माझ्याबद्दल अभिप्राय लिहिला: 'माणूस बरा आहे, पण फार लवकर गेला.' पाचातले दोन तारे दिले. आयुष्यभर लोखंडाशी प्रामाणिक राहिलो आणि म्हातारपणी दोन तारे. जावई म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी जरा रेंगाळा." म्हणून पुढच्या घरी मी सुई फिरवल्यावर पाच मिनिटं मशीनकडे गंभीरपणे बघत बसलो. त्या बाईंनी घाबरून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं.

इकडे दुकानात खरी बिघडलेली मशीनं पडून राहिली. मी दिवसभर बाहेर, आणि आलेला माणूस कुलूप बघून जाई. कुलूप आणि वेबसाइटवरचं घड्याळ दोन्ही पाहिलेल्यांची तर खात्रीच पटली. मोफत तपासणीनंतर पैसे देऊन दुरुस्ती करायला कुणी उरतच नव्हतं, कारण सुई फिरवून झाल्यावर दुरुस्त करायला काही उरत नव्हतं. वर्षअखेर जवळ आली होती. मुलीने खोलीला नवे पडदे लावले आणि मला रंग आवडला का विचारलं. आवडला म्हणालो. पडद्याला तिने दोन ठिकाणी टाके सोडले होते.

आणि मग गुडघ्याने संप केला. सकाळी उठलो तर तो वाकेना. त्या दिवशीच्या घरांना कळवायला जावयांना फोन केला, तर ते म्हणाले, "रद्द करू नका, आलेख पडेल. मी जातो. आईंच्या तोंडून इतकं ऐकलंय, सुई फिरवायला कितीसं लागतं?"

ते दिवसभर गेले. संध्याकाळी दुकानात आले, बाकावर बसले. शर्टाला तेल, केसांत दोऱ्याचे तुकडे. त्यांनी पाणी मागितलं.

"किती मशीनं झाली?" मी विचारलं.

"सगळी." त्यांनी पेला खाली ठेवला. "एकाही घरात बिघाड नव्हता, बाबा. आणि एका ठिकाणी मला कपाट सरकवायला लावलं."

"मला खुर्ची दिली होती."

त्यांनी केसांतला एक दोरा ओढून काढला. मग म्हणाले, "ती चार मिनिटं लोक ते पान वाचून मशीन चालू करत होते. आणि मी ते गळती म्हणून बंद केलं."

जावयाला चुकलात म्हणायची पद्धत नाही हे सांगितलंच. मी चहा विचारला.

"ते पान परत लावू या," ते म्हणाले.

"लावा की."

ते हातातल्या पेल्याकडे बघायला लागले. "माझ्याकडे नाहीये ते. मी पुसलं. कॉपी काढून ठेवायला हवी होती. सगळ्यांना मी हेच सांगतो, आधी कॉपी काढा."

मला वाटलं होतं, ते कुठेतरी मागे असेल. काढून टाकलेला पत्रा आपण मागच्या बाजूला टेकवून ठेवतो, तसं. मी म्हणालो, "असू दे. मला पाठ आहे." मग मनातल्या मनात म्हणून पाहिलं. सुईपर्यंत आलं, दोऱ्यापर्यंत आलं, पुढे शब्द माझेच यायला लागले. मी 'कचरा साफ करावा' म्हणालो. तिने तसं लिहिलं नव्हतं. टूथब्रश होता, पण कसा काय लिहिला होता? मी उठून शटर अर्धं ओढलं. चष्मेवाला त्याच्या दारातून बघत होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो एका शिवणवर्गाच्या बाईंचा. पलीकडच्या वस्तीत मोठा वर्ग चालवतात. फोन उचलल्या उचलल्या ओरडायलाच लागल्या. "काय हो, तुमचं सुईचं पान कुठे गेलं? माझ्या नव्या मुलींना दाखवायला उघडलं तर तुम्ही हाताची घडी घालून उभे. आणि ते मेलं घड्याळ. दुकान बंद करताय म्हणून मी मशीनं तशीच ठेवलीयेत कोपऱ्यात."

"कुठली मशीनं?"

"बिघडलेली. त्या पानावर सुटतं ते आम्हीच सोडवतो. नाही सुटत ते तुमच्याकडेच पाठवते की दर वेळी. माझ्या मुली वर्ग सोडून जातात तेव्हा जिथे जातात तिथे ते पान सांगतात. तुमच्याकडे कोण कुठून येतं ते विचारत नाही का तुम्ही?"

मी विचारत नसे. ते ती विचारायची.

"बाई," मी म्हणालो, "ते पान तुमच्याकडे आहे?"

"भिंतीवर आहे. का?"

जावयांनी कंपनीतून सुट्टी घेतली आणि मला गाडीत घातलं. वर्गात दारासमोरच ते पान होतं, कागदावर छापून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कोपऱ्यात तेलाची बोटं उमटलेली. टूथब्रश जुना होता आणि 'नवऱ्याचा असेल तर विचारून घ्या' असं होतं. ते मी साफ विसरलो होतो. जावयांनी फोटो काढला, बरोबर आलाय ना बघितलं आणि पुन्हा काढला. असे बरेच काढले. मग कोपऱ्यातली मशीनं एकेक करून गाडीत नेली. बाई म्हणाल्या, "नवा माणूस ठेवलात वाटतं. कामसू दिसतो."

"जावई आहेत," मी म्हणालो.

"मग हळू न्या हो," बाई त्यांना म्हणाल्या.

संध्याकाळी जावई माझ्या कामाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते पान टाइप करत बसले. घड्याळ काढलं, नारिंगी बटण काढलं, मोफत तपासणी काढली. माझा हाताच्या घडीचा फोटोही मी काढून टाकायला सांगितला, तेव्हा चष्मेवाल्याचं तोंड पडलं; त्याने टेपही गुंडाळून खिशात घातला. मुलगी डबा घेऊन आली होती. एखादा शब्द राहिला नाही ना बघायला ती भिंतीवरच्या पानाचा फोटो मोठ्याने वाचत होती आणि जावई जुळवून बघत होते. ती आईच्याच सुरात वाचत होती, 'हसू नका'पाशी सुद्धा. शेवटच्या ओळीपाशी आली.

"एवढं करूनही चाललं नाही तर घेऊन या. हे..."

ती थांबली. दुकानभर मशीनं होती, बाकावरसुद्धा. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"हे दुकानातच असतात," जावयांनी वाचून पूर्ण केलं.

"वर्षअखेरीला ही ओळ बदलावी लागेल," ती म्हणाली. तिच्या हातात झारा नव्हता.

"मला नाही बदलता येणार," जावई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

"तुम्हाला वेबसाइट बदलता येत नाही?"

"ही नाही येत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाक पुसलं. "राहू दे मग," ती म्हणाली. "पण रात्रीचं जेवण आमच्याकडे. आणि त्या पडद्यांचे टाके सुटलेत, ते घालून द्या."

जावयांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे दोरे हलले.

तेवढ्यात फोन वाजला. कुणी बाई होत्या. घाईत होत्या. मशीन चालत नाही, टाका सुटतोय, उद्या कपडे द्यायचेत, आत्ता लगेच घेऊन येऊ का?

"आधी सुई बघा," मी म्हणालो. "तिची एक बाजू चपटी असते."

त्या म्हणाल्या, "थांबा हं, बघते. तुम्ही आहात ना?"

"सावकाश बघा," मी म्हणालो. "मी दुकानातच असतो."